हिरवं पडलं म्हणजे पुरातन?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला जुन्या बाजारातल्या खरेदीवरचा लेख वाचला. मांडणी सुरेख, फोटो झकास. कौतुक करून झालं, आता मुद्द्यावर येते.

अस्सल जुनं पितळ कसं ओळखावं? तर म्हणे हिरवा थर बघावा. लेखकाने किनाऱ्यावर एक पावसाळा काढलेला दिसत नाही. मृगाआधी चिंच लावून लख्ख घासलेली समई आम्ही गणपतीला फडताळातून बाहेर काढतो, तेव्हा ती हिरवी पडलेलीच असते. आमच्या इथे भांड्यांना कल्हई करायला येणारे काका लेख ऐकून म्हणाले, "काकी, खाऱ्या वाऱ्यार पितळ एका पावसात हिरवा पडता. त्येका शंभर वर्सा कित्याक होयी?" आणि पाऊस येईपर्यंत थांबायची तयारी नसेल तर नवसागराचं पाणी आहेच. विकणाऱ्यांना ते चांगलं ठाऊक असतं.

पण मी पत्र लिहायला बसले ते नाण्यामुळे. गेल्या मोसमात पर्यटकांसाठी इथे महोत्सव भरला होता. तिथे एका स्टॉलवर माझ्या भाच्याने ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ सालचं नाणं घेतलं, एका बाजूला रामदरबार असलेलं. तीन हजार मोजले! मी तिथेच सांगितलं की कंपनीने राम-सीता-हनुमान असलेलं चलन कधी पाडलंच नाही. मुंबई इलाख्यातल्या तांब्याच्या पैशावर कंपनीची निशाणी आणि तराजू असायचा. १८३५ पासून सगळीकडे एकच चलन झालं तेव्हा रुपयावर चौथ्या विल्यमचा मुखवटा आला. देवळांत पूजेसाठी रामटंके, म्हणजे रामदरबार कोरलेले नाण्यासारखे तुकडे, मिळायचे हे खरं, पण ते चलन नव्हे आणि त्यांचा कंपनीशी काही संबंध नाही. यावर तो विक्रेता हसून म्हणाला, "मॅडम, अँटिकमधलं तुम्हाला कळायचं नाही." भाचाही हसला. माझ्या वडिलांचा नाण्यांचा डबा मी लहानपणापासून चाळत आले आहे, पण ते सांगणार कुणाला?

आणि काल तुम्ही तस्संच नाणं पान भरून छापलंत, खाली 'दुर्मीळ ठेवा'! सकाळी सात वाजता भाच्याने पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. सोबत दोनच शब्द: "मामी, वाच." घरच्या ग्रुपवर त्याला अंगठ्यावर अंगठे. छापून आलंय म्हटल्यावर मामीला कोण विचारतो!

बरं, विक्रेत्याचं म्हणणं खरं मानू. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, कारागिरीच्या वस्तू विकण्याचा धंदा करायचा तर परवाना लागतो. त्या स्टॉलवर तर सगळंच दोनशे वर्षांचं होतं. मग एक तर माल खोटा किंवा धंदा बेकायदा. तिसरी शक्यता तुमच्या प्रतिनिधीला दिसत असेल तर जरूर छापावी. तिथल्या दोनशे वर्षांच्या पेटाऱ्याच्या कड्या आजकालच्या फुलीच्या स्क्रूने बसवल्या होत्या, हेही जाता जाता सांगते. शिवाय प्रत्येक वस्तू एकतर सावंतवाडीच्या राजवाड्यातली, नाहीतर रत्नागिरीत नजरकैदेत ठेवलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाची. बिचाऱ्याकडे एवढी घंगाळं असती तर १९१० साली बांधलेल्या त्या राजवाड्यात त्याला झोपायला जागा उरली नसती.

सगळ्यात राग आला तो एका सल्ल्याचा. भांड्यावर नाव कोरलेलं असेल तर किंमत पाडून मागा, म्हणे. अहो, त्या बाजारात थोडंफार खरं काही असेल तर ते नावच! कुणाच्या लग्नात कुणी दिलं, कोणत्या गावचं, कधी कधी शकासकट कोरलेलं असतं. आमच्या वाडीतली घरं बंद पडली तेव्हा हंडे, पराती, पाणी तापवायचे बंब किलोच्या भावाने मोडीत गेले. न्यायला आलेल्या माणसाला नावांशी काही देणंघेणं नव्हतं. पुढे ती नावं घासून काढतात आणि 'राजघराण्यातला हंडा' म्हणून दसपट भावाने विकतात. तुम्ही आता गिऱ्हाइकालाही तेच शिकवा.

लेखातल्या दुसऱ्या फोटोखाली 'समई' छापलंय. तो लामणदिवा आहे. साखळी दिसत असूनही!

जाता जाता आणखी एक. ही पुरवणी रंगीत झाल्यापासून आतल्या पानावरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक गायब झालंय. दोनदा फोन केला, 'कळवतो' म्हणाले. आमच्या गल्लीतले निम्मे लोक पेपर त्यासाठीच घेत होते. दुर्मीळ ठेव्याला अख्खं पान मिळतं, तर त्याला चार ओळी द्यायला हरकत नसावी.

कळावे,
एक जुनी वाचक, वेंगुर्ले