तळपाय चिरून बघितले का?

नागपूर, रविवार

प्रिय सुधीर,

पत्र मिळालं. कोठडीत मेलेल्या त्या पोराला छातीत दुखलं म्हणून मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं असं पोलीस म्हणतात, घरचे म्हणतात मारून टाकलं. चौकात कितीही वाद घाला, याचा उलगडा शवविच्छेदनात आणि कागदांत होतो, आणि दोन्हीला वेळ फार थोडा असतो.

‘अंगावर जखम नाही’ एवढ्यावर विसंबू नका. तळव्याची कातडी जाड असते, तिथे दांडे मारले तरी वरून वळ बहुतेक दिसत नाही. तळपाय, पोटऱ्या, कुल्ले चिरून आतलं साकळलेलं रक्त बघावं लागतं. पाठीवर दोन समांतर रेघा आणि मध्ये फिकट पट्टा दिसला, तर तो लाठी-दांड्यासारख्या वस्तूचा वळ समजा. खूप मार बसला की स्नायू फुटतात, त्यांतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन मूत्रपिंडात अडकतं, लघवी काळ्या चहासारखी होते. रक्तातलं पोटॅशियम चढून हृदय थांबतं, कधी दोन-तीन दिवसांनी. म्हणजे हृदय बंद पडलं हे खरं असूनही कारण मारच असू शकतं! मूत्रपिंडाचा तुकडा सूक्ष्मदर्शक तपासणीला पाठवा, असं लेखी मागा. व्हिडिओ चित्रीकरणही मागा, मानवाधिकार आयोगाने ते 1995 पासूनच सांगितलं आहे.

कोठडीतल्या मृत्यूची चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196 नुसार न्यायदंडाधिकारी करतात, आणि तिथे नातेवाइकांना हजर राहता येतं. बापाला तिथे बसवच.

आता सीसीटीव्ही. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये लॉकअप, व्हरांडा, आत-बाहेरची दारं, सगळीकडे कॅमेरे आणि 18 महिने साठवण सांगितली. प्रत्यक्षात डीव्हीआर, म्हणजे चित्रीकरण साठवणारं यंत्र, भरला की जुनं पुसलं जातं, नाहीतर नेमका त्याच रात्री कॅमेरा बंद असतो. म्हणून डीव्हीआर जप्तीचा अर्ज उद्याच सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात द्या. सोबत ठाणे दैनंदिनी, अटकेच्या वेळचा वैद्यकीय तपासणीचा कागद आणि अटक पत्रक मागा. रात्री उचललेला माणूस सकाळी अटक दाखवतात, मग कोर्टापुढे उभं करायचे चोवीस तास तिथून मोजतात. मार बहुतेक त्या मधल्या तासांतच बसतो, म्हणून उचलताना पाहिलेल्या शेजाऱ्यांचे जबाब हवेत.

‘चोरच होता, दोन दांडे पडले तर काय’ म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. चोरीच्या खटल्यात पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालतच नाही. त्याच्या सांगण्यावरून माल सापडला, तर त्या मालाबद्दलचं तेवढंच वाक्य ग्राह्य. त्यासाठी जीव घ्यायचा?

आणि एक, आत्ताच जाऊन सांग: अहवालात तळपाय चिरल्याची नोंद दिसेपर्यंत प्रेत जाळू नका. दुसरं शवविच्छेदन मागायला प्रेत हवं.

तुझा,
विनय