वहीतल्या आकड्यांबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, वहीच्या पानांचे फोटो मिळाले. अक्षर अजून फळ्यावरचंच आहे. पण एका दिवसात इतक्या वेळा बीपी बघायचं? उठल्या उठल्या, अंघोळीनंतर, बातम्या बघता बघता, आणि आकडा जास्त आला की घाबरून लगेच पुन्हा. त्या घाबरण्यानेच पुढचा आकडाही चढतो. मशीन बिघडलेलं नाही, दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. १६८ आला तेव्हा तुम्ही बाजाराची पिशवी घेऊन चढ चढून आला होतात, असं तुम्हीच शेजारी लिहिलंय.

मी ओपीडीत दिवसभर हेच काम करते, म्हणून जरा नर्सबाईंचा आवाज लावते. बीपी सकाळी चहा आणि गोळीच्या आधी बघायचं आणि संध्याकाळी जेवणाआधी. दिवसात एवढंच. आधी लघवीला जाऊन यायचं. पोट तटतटलेलं असलं की आकडा वाढतो. मग पाठ टेकता येईल अशा खुर्चीत पाच मिनिटं नुसतं बसायचं, झोपाळ्यावर नाही. पाय जमिनीला टेकलेले, एकावर एक नकोत. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला. हात खाली लोंबकळत ठेवलात तरी आकडा उगाच जास्त येतो. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा बघायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे, आवडलेला एकच नाही. आणि तेवढा वेळ बोलायचं नाही! हे तुम्हाला सर्वांत जड जाणार, माहीत आहे.

असं सात दिवस करा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा, गणित तुमच्याकडेच आहे. घरच्या मोजणीची सरासरी १३५/८५ च्या खाली असेल तर बरं. दवाखान्यात १४०/९० ही रेघ धरतात, घरी माणूस निवांत असतो म्हणून ती थोडी खाली. डॉक्टरांसमोर १५२ आणि घरी १३० हे तुमच्यासारख्या बऱ्याच जणांचं होतं. म्हणून ती वही पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवायचीच. गोळी वाढवायची की कमी करायची हे ते ठरवतील. आकडा चांगला आला म्हणून गोळी बंद, हा तात्यांचा उपाय आपल्या घरी नको.

वरचा आकडा हृदय आकुंचन पावून रक्त ढकलतं तेव्हाचा, खालचा ते सैल पडतं तेव्हाचा. वयानुसार मोठ्या रक्तवाहिन्या ताठर होतात. त्यामुळे तुमचा वरचा वाढतो आणि खालचा तिथेच राहतो किंवा उतरतो. ‘खालचा चांगला आहे ना’ म्हणून वरच्याकडे काणाडोळा करू नका.

तुम्ही विचारलं होतंत, बीपी अजून पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच का मोजतात. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, हे मला तुम्हीच शिकवलंत. १३० मिमी पाऱ्याऐवजी पाणी घेतलं तर नळी जवळजवळ पावणेदोन मीटर उंच लागेल. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने घोडीच्या धमनीत नळी घालून काचेच्या उभ्या नळीत रक्त किती चढतं ते पाहिलं होतं. सव्वाआठ फूट चढलं. १७३३ साली त्याने ते छापलं. हाताला पट्टा बांधून पाऱ्यावर दाब वाचायची रीत १८९६ मध्ये इटलीच्या रिवा-रोच्चीने आणली, आणि पारा चिकटला तो कायमचा. तुमच्या मशीनमध्ये पाऱ्याचा थेंबही नाही, नाव तेवढं उरलंय.

आता आई. ‘मला काही होत नाही, मला कशाला बीपी’ हे मी रोज पेशंटकडून ऐकते. बीपी दुखत नाही गं, म्हणूनच मोजायचं. तुझे आकडे मला जास्त वाटतायत, पण त्यावर अजून माझा विश्वास नाही. एक तर तू ब्लाऊजची घट्ट बाही वर सरकवून पट्टा बांधतेस, ती दंडाला आवळते. सैल गाऊनवर असताना बघ, दंड उघडा ठेवून. दुसरं, तुझ्या शिवणाच्या टेपने दंडाच्या मधोमध घेर मोज. पट्ट्यावर किती सेंटिमीटरचा ते छापलेलं असतं, नेहमीचा बहुधा २२ ते ३२. तुझा घेर त्याहून जास्त भरला तर त्या पट्ट्याने आकडा खोटाच जास्त येणार.

आणि अंथरुणातून उठताना चक्कर येते म्हणालीस, तर बसून बीपी बघितल्यावर उभं राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला परत बघा. बाबांनी शेजारीच थांबायचं. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर लगेच डॉक्टरांना सांगा. गुडघ्याची दुखण्याची गोळी रोज घेत असशील तर तेही सांग, त्यांतल्या बऱ्याच गोळ्या बीपी वाढवतात. सुकट आणि लोणच्याबद्दल फोनवर भांडू.

१८०/१२० च्या पुढे गेलं तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा बघा. तरी तेवढंच असेल तर मला नंतर, डॉक्टरांना आधी फोन. पण छातीत दुखणं, दम लागणं, बोबडी वळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यातलं काहीही झालं तर मशीन बाजूला ठेवा आणि १०८ लावा. तेव्हा आकडा किती आहे हे बघत बसू नका.

दंडाचा घेर आणि मशीनखालच्या मॉडेल नंबरचा फोटो रविवारपर्यंत पाठवा. हवा असेल तर मोठा पट्टा इथून कुरियर करते, तोवर आईचे आकडे वहीत पेन्सिलनेच लिहा.

तुमची,
सुमी