लर्विकच्या फोक फेस्टिवलहून आल्यावर बाबल्याला पत्र

प्रिय बाबल्या,

परवा फोनवर तू म्हणालास "यंदा गणपतीत भजन नकोच करूया, माणसाच नाय तर कोणाक घेवन बसतलंस", मी नुसतं बरं म्हटलं आणि फोन ठेवला, पण ते काही डोक्यातून जाईना. फोनवर मला असं सविस्तर बोलता येत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून लिहायला बसलोय. मोठं होईल, सावकाश वाच.

झालं असं की मागच्या आठवड्यात मी शेटलंडला जाऊन आलो. स्कॉटलंडच्याही वर, समुद्रात दूर असलेली बेटं ती. लर्विक हे तिथलं मुख्य गाव, बंदराचं, साठ अक्षांशावर. आमच्या ॲबर्डीनहून संध्याकाळी सात वाजता बोट सुटते आणि सकाळी साडेसातला लर्विकला लागते. तिथे दरवर्षी एप्रिल संपता संपता, मे लागताना चार दिवस फोक फेस्टिवल, म्हणजे लोकसंगीताचा उत्सव असतो, १९८१ पासून चालू आहे. ऑफिसातला एक जण चार वर्षं मागे लागला होता, यंदा गेलो एकदाचा.

फेस्टिवल बोटीवरच सुरू झाला म्हण ना. रात्री बारमध्ये कोणीतरी फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, काढलं, मग दुसरं, मग ॲकॉर्डियन, कोण कुठल्या देशाचा काही पत्ता नाही, एकाने सुरुवात करायची आणि बाकीच्यांनी ऐकून ऐकून आत शिरायचं. बोट हलत होती, ग्लास टेबलावरून सरकत होते, पण एकाचाही ठेका चुकला नाही. मला आपली एसटीतली भजनं आठवली, देवगडहून भजनाची डबलबारी करून पहाटे परत येताना तू मागच्या सीटवर पत्र्यावर ताल धरायचास ती.

लर्विक गाव तसं लहान, दगडी घरं, काही तर थेट पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी. झाड म्हणून औषधाला नाही, वारा एवढा की झाड टिकणं कठीण. बेटं पूर्वी नॉर्वेची होती. राजाला मुलीच्या हुंड्याची रक्कम जमली नाही म्हणून १४६९ ला त्याने ती स्कॉटलंडकडे गहाण ठेवली, ती राहिली ती राहिलीच. पण वाजवण्यात नॉर्वे अजून ऐकू येतो बघ. फिडलवर ही माणसं सूर वाजवताना शेजारची मोकळी तारही सोबत वाजती ठेवतात, त्यामुळे एकटा माणूस वाजवत असला तरी मागे कोणी तंबोरा धरून बसलाय असं वाटतं. आणि काही जुन्या चाली म्हणे डोंगरात राहणाऱ्या ट्राऊ लोकांकडून माणसांनी ऐकून आणल्या, ट्राऊ म्हणजे तिथली भुतंखेतं, आपला देवचार समज. एका म्हाताऱ्याने हे मला इतक्या सरळपणे सांगितलं, जसे आपले आजोबा राखणदाराबद्दल सांगायचे अगदी तसं, मी पण मान डोलावली.

खरी गोष्ट पुढे आहे. कार्यक्रम नुसते लर्विकमध्ये होत नाहीत, कलाकारांना गाडीत घालून बेटाबेटावरच्या गावच्या हॉलमध्ये नेतात. मी शुक्रवारी येल नावाच्या बेटावरच्या कलिव्होच्या हॉलला गेलो. बसने टॉफ्ट, तिथून वीस मिनिटांची फेरीबोट, मग परत रस्ता. अख्ख्या बेटावर हजारभर माणसं असतील नसतील. नऊ वाजून गेले तरी बाहेर उजेड, आणि हॉलमध्ये खुर्ची शिल्लक नाही. स्टेज म्हणजे आपल्या शाळेच्या स्टेजएवढं. मध्यंतरात गावच्या बायकांनी घरून करून आणलेले केक आणि सँडविच, मोठ्या किटलीतला चहा, आणि खारवून वाळवलेल्या मटणाचं सूप, त्या मटणाला रीस्टिट मटण म्हणतात. पहिल्या घोटाला उग्र लागलं पण मग आपल्या सुक्या बांगड्यासारखं जिभेला चढलं, दोन वाट्या घेतल्या. पैसे घेणारा, खुर्च्या लावणारा, गाडी चालवणारा, सगळे गावचे, फुकट राबणारे.

बाहेरच्या बँडच्या आधी गावची एक मुलगी आली, दहा-अकरा वर्षांची. हनुवटीखाली रुमालाची घडी, बुटाची लेस सुटलेली. तिने वाजवायला घेतलं आणि माझ्या शेजारचा दणकट कोळी, हात असे की दोरखंडाने कापून कापून राठ झालेले, तो डोळे मिटून पायाने ठेका धरून बसला. मध्ये एका जागी तिचा बो, म्हणजे गज, घसरला, ती थांबली नाही, तीच ओळ परत घेतली आणि पुढे गेली. संपल्यावर तो मला म्हणाला, शाळेत शिकली. बस एवढंच म्हणाला.

मग मी शोधून काढलं, शाळेत फिडल कसं आलं. टॉम अँडरसन म्हणून एक माणूस होऊन गेला, १९१० ते १९९१. घरोघर फिरून म्हाताऱ्यांकडून त्याने चाली गोळा केल्या, आणि ७० च्या दशकात शाळांमधून मुलांना शिकवायला लागला. अली बेन, जो पुढे फिडलवर जगभर गाजला, तो याच्याच हाताखालचा. १९६९ च्या जानेवारीत अँडरसन रात्री आपल्या गावाहून, एशानेसहून निघाला, घाटीवर येऊन मागे वळून बघतो तर लहानपणी दिसायचे त्या मानाने दिवे अगदीच थोडे, आणि बघता बघता तेही एकेक विझत गेले. बायको नुकतीच गेली होती. त्यातून त्याने एक चाल बांधली, नाव 'द स्लॉकिट लाइट', म्हणजे विझलेला दिवा. रविवारी लर्विकमध्ये कोणीतरी ती वाजवली आणि मला आपली वाडी दिसली रे. पाटलांच्या घराला कुलूप, गुरवाच्या घराला कुलूप, तुमच्या शेजारचं तर पडलंच. मी तिथे बसून रडलो, लाजलो नाही.

म्हणजे बघ, त्यांचेही दिवे विझतच होते आणि माणसं गाव सोडतच होती. पण त्या माणसाने चाल बांधून हात जोडले नाहीत, पोरं गोळा केली. नंतर समुद्रातल्या तेलाचा पैसा आला, हॉल झाले, ते खरं आहे, ते आपल्याकडे नाही. पण पोरं आपल्याकडे आहेत. तूच म्हणालास शाळेत अजून चौदा पोरं आहेत म्हणून. चौदा म्हणजे कोरस झाला की! आपण सुरुवात केली तेव्हा किती होतो, सात. आणि बुवा आपल्याला शिकवायला लागले तेव्हा तू तिसरीत होतास, झांज तुझ्या तोंडाएवढी होती.

आणखी एक, पीरी विली जॉन्सन म्हणून तिथला गिटारवाला होता, पीरी म्हणजे लहान. रेडिओवर अमेरिकन जॅझ ऐकून ऐकून तो शिकला आणि ते त्याने फिडलच्या मागे लावलं. आता ते तिथलंच झालंय. तेव्हा पोरांनी मोबाईलवरची चाल आणली तर आणू दे, तू ओरडू नकोस. पेटी तरी आपली कुठे होती, साहेबाबरोबरच आली ना.

मी गणपतीच्या आधी दहा दिवस येतोय, रजा टाकली आहे, अजून आईला सांगितलं नाही, तू पण बोलू नकोस. तोवर दोन कामं कर. पखवाजाची शाईची पुडी फुटली आहे म्हणालास ना, ती कुडाळला नेऊन बदलून घे, पैसे मी आज टाकतो. आणि गुरुजींना विचार की शनिवारी शाळा सुटल्यावर देवळात पोरं आणून बसवली तर चालेल का. तू फक्त गजर घे, एकच, रोज तोच. पखवाजाला कणीक लावायला त्यातल्याच एकाला शिकव, पोरांना ते फार आवडतं, आपल्याला किती आवडायचं.

त्या मुलीचं वाजवणं मी मोबाईलवर घेतलंय, नेट बरं असेल तेव्हा पाठवतो. काकींना नमस्कार सांग.

तुझा,
नाना