इंटर्नशिप एका कामाची, अहवाल भलत्याच विषयाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी इंटर्नशिपविषयी वृत्तपत्रांतून जे छापून येते, त्यात कोणत्या कंपनीने किती विद्यार्थी घेतले, स्टायपेंड किती दिला आणि शेवटी किती जणांच्या हातात नोकरीचे पत्र पडले, याचीच चर्चा प्रामुख्याने असते. मी पुण्यातील एका व्यवस्थापन संस्थेत एम.बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पहिल्या वर्षानंतरची सक्तीची इंटर्नशिप मी मुंबईतील एका मोठ्या सल्लागार कंपनीत केली. कंपनीबद्दल माझी विशेष तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतर विद्यापीठाला सादर कराव्या लागणाऱ्या प्रकल्प अहवालाबद्दल, कारण मोठ्या कंपन्यांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत या अहवालाचा प्रत्यक्ष केलेल्या कामाशी बहुतेक वेळा काडीचाही संबंध नसतो, ही गोष्ट विद्यार्थी, मार्गदर्शक प्राध्यापक आणि परीक्षक या तिघांनाही ठाऊक असते, आणि तरीही त्याच अहवालावर गुण दिले जातात.

सल्लागार कंपनीत पहिल्या दिवशी लॅपटॉप आणि ओळखपत्र यांच्याबरोबरच गोपनीयतेचा करार समोर येतो. ग्राहक कंपनीचे नाव, तिची आकडेवारी, आपण तिच्यासाठी काय काम करत आहोत, यातले काहीही बाहेर बोलायचे नाही, असे त्यात स्वच्छ लिहिलेले असते. आमच्याकडे तर प्रत्येक कामाला एक टोपणनाव होते आणि लिफ्टमध्येसुद्धा ग्राहकाचे नाव घ्यायचे नाही, अशी शिस्त होती. यात मला काही गैर वाटत नाही. ग्राहक शेअर बाजारात नोंदलेला असेल तर त्याची अप्रकाशित माहिती फुटणे हा शेअर बाजाराची नियामक संस्था ‘सेबी’ हिच्या २०१५ च्या ‘इनसायडर ट्रेडिंग’ (आतल्या माहितीच्या जोरावर शेअरची खरेदी-विक्री) रोखणाऱ्या नियमांखाली गंभीर मामला ठरतो, आणि तसे नसले तरी पैसे मोजून सल्ला घेणाऱ्याने आपली घरातली गोष्ट घरातच राहावी अशी अपेक्षा केली तर ती रास्तच आहे.

ग्राहकाचे नाव न घेता मी काय शिकले, हे मात्र सांगता येते. मला पहिले काम मिळाले ते वितरकांची एक लांबलचक यादी नीट करण्याचे. त्या यादीत एकच जिल्हा ‘अहमदनगर’, ‘ए. नगर’, ‘नगर’ आणि ‘अहिल्यानगर’ अशा चार नावांनी नांदत होता. नुसते ‘नगर’ शोधायला जावे तर उल्हासनगर त्यात येऊन बसे, आणि पिनकोडवरून जिल्हा ठरवावा म्हटले तर संगमनेरचा पिनकोड ४२२ ने सुरू होतो, म्हणजे नाशिकच्या मालिकेत जातो. शेवटी प्रत्येक ओळ तालुक्याच्या नावाशी ताडून पाहावी लागली. हे काम कंटाळवाणे होते हे खरे, पण जिल्हावार विक्रीचे जे तक्ते पुढे ग्राहकाच्या संचालकांसमोर गेले, ते या सफाईवरच उभे होते. यादी आली तशी घेतली असती तर एकाच जिल्ह्याचे चार तुकडे पडून तो राज्यात तळाला गेला असता.

त्यानंतर वितरकांशी फोनवर बोलण्याचे काम आले. चमूत मराठी बोलणारी मी एकटीच असल्यामुळे सांगली, लातूर, जळगाव ही सगळी मंडळी माझ्या वाट्याला आली. ‘धंदा कसा चाललाय?’ असे विचारले की ‘चाललंय’ एवढेच उत्तर मिळते, ‘गेल्या महिन्यात किती गाड्या उतरवल्या आणि त्यातल्या किती उधारीवर गेल्या?’ असे विचारले की माणूस वही उघडतो, हे मला दोन-तीन फोन फुकट गेल्यावर आमच्या मॅनेजरनी शिकवले. एका वितरकाने तर मलाच सुनावले, ‘ताई, तुमच्यासारखी माणसं दरवर्षी विचारून जातात, पुढं काय होतं ते आम्हाला कुणी सांगत नाही.’ हे वाक्यही आमच्या टिपणात गेले, आणि योग्य ठिकाणी गेले, याचे मला समाधान आहे.

मॅनेजर प्रत्येक स्लाइडवर एकच प्रश्न विचारत: हा आकडा कुठून आला? उत्तर तयार नसेल तर स्लाइड परत. स्लाइडचे शीर्षक म्हणजे नुसता विषय नव्हे, तर पूर्ण वाक्य असले पाहिजे आणि खालचा तक्ता त्या वाक्याचा पुरावा असला पाहिजे. चौथ्या पानावरची बेरीज अकराव्या पानावरच्या बेरजेशी जुळली पाहिजे. आकडा अंदाजे असेल तर तो अंदाज कसा बांधला ते तळटीपेत लिहिले पाहिजे. पहिल्या वर्षात ‘संशोधन पद्धती’ या विषयाचा पेपर मी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले होते, पण आकड्याची जबाबदारी घेणे म्हणजे काय, हे मला इथे कळले.

कामाच्या तासांबद्दल थोडेसे लिहिणे भाग आहे, कारण या क्षेत्राचे नाव काढले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न तोच असतो. जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला आणि तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले, तेव्हापासून ही काळजी घराघरांत आहे आणि ती अनाठायी नाही. मलाही रात्री उशिरापर्यंत थांबावे लागले. पण तो प्रश्न कायद्याचा आणि कामगार खात्याच्या तपासणीचा आहे, त्याची भरपाई विद्यापीठाच्या अहवालातून होणार नाही, म्हणून मी तो इथे अधिक वाढवत नाही.

आता अहवालाकडे येते. त्याचा नमुना वर्षानुवर्षे ठरलेला आहे. कंपनीचा परिचय, अभ्यासाची उद्दिष्टे, संशोधन पद्धती, माहितीचे संकलन व विश्लेषण, निष्कर्ष, शिफारशी, आणि शेवटी प्रश्नावली. एखाद्या लहान कारखान्यात किंवा पतसंस्थेत इंटर्नशिप केलेल्या विद्यार्थ्याला हा नमुना चालतो, कारण तिथले मालक आकडे द्यायला सहसा आडकाठी करत नाहीत. सल्लागार कंपनीतल्या विद्यार्थ्याने मात्र विश्लेषणाच्या प्रकरणात लिहायचे काय? खरे लिहिले तर करार मोडतो. न लिहिले तर प्रकरण कोरे राहते आणि गुण जातात. माझ्या अहवालाचा विषय म्हणून ‘डिजिटल पेमेंटबाबत तरुण ग्राहकांचा दृष्टिकोन’ हा मथळा संस्थेनेच सुचवला. कंपनीच्या कार्यालयात बसून मी या विषयावर एक ओळही लिहिलेली नव्हती. प्रश्नावली गूगल फॉर्मवर तयार होते, ती वर्गाच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते, संध्याकाळपर्यंत शंभर प्रतिसाद जमतात, त्यांची वर्तुळाकार चित्रे काढली जातात आणि प्रत्येक चित्राखाली ‘वरील आकृतीवरून असे दिसून येते की’ अशी सुरुवात करून चित्रात दिसते तेच पुन्हा शब्दांत लिहिले जाते. मग साहित्यचोरी तपासणाऱ्या संगणक प्रणालीचे प्रमाणपत्र, काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरे, कंपनीचा शिक्का, आणि तोंडी परीक्षा. तोंडी परीक्षेत मला प्रतिसाद शंभरच जणांचे का घेतले, असे विचारण्यात आले. त्या वितरकांच्या यादीबद्दल विचारायला परीक्षकांना मार्गच नव्हता.

यात प्राध्यापकांना दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. एकेका मार्गदर्शकाकडे विद्यार्थ्यांचा मोठा गट असतो, त्या साऱ्यांच्या कंपन्या वेगवेगळ्या असतात, आणि नमुन्यात बदल करण्याचा अधिकार त्यांना नसतो. कंपन्यांनाही दोष देता येत नाही, कारण त्यांना प्रमाणपत्र मागितले जाते आणि ते त्या देतात. मुलाने काय शिकले, हे त्यांना कोणी विचारतच नाही.

हा केवळ एम.बी.ए.पुरता प्रश्न असता तर पत्र लिहिण्याचा खटाटोप मी केला नसता. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी राज्य शासनाने २०२३ मध्ये जे निर्णय काढले, त्यांनुसार आता पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांतही ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आले आहे. चार क्रेडिट, म्हणजे साधारण १२० तास. केंद्राने जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात पाचशे बड्या कंपन्यांत पाच वर्षांत एक कोटी तरुणांना इंटर्नशिप देण्याची योजना जाहीर केली, ती वेगळीच. म्हणजे वाणिज्य आणि कला शाखेची मुलेही यापुढे मोठ्या प्रमाणावर कार्यालयांत जातील, त्यांच्यापुढेही तसेच करार येतील, आणि त्यांच्या महाविद्यालयांनी आमचाच नमुना उचलला (तसे होण्याची चिन्हे आहेत) तर न झालेल्या अभ्यासांचे अहवाल ग्रंथालयांतून रचून ठेवायला कपाटे अपुरी पडतील.

शेजारीच एक वेगळी व्यवस्था चालू आहे, तिच्याकडे विद्यापीठांनी पाहायला हरकत नसावी. मुंबईत माझ्याबरोबर खोलीवर राहणारी मैत्रीण सी.ए.ची आर्टिकलशिप, म्हणजे सनदी लेखापालाच्या हाताखालचे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, करत होती. तिच्या प्रशिक्षणाची नोंद सनदी लेखापाल संस्थेकडे होते, एका विशिष्ट सनदी लेखापालाचे नाव तिचा ‘प्रिन्सिपल’ म्हणून कागदावर असते, किमान विद्यावेतन नियमाने ठरलेले असते, आणि तिने कोणत्या प्रकारचे काम किती केले याचा हिशेब त्या माणसाने सहीनिशी द्यायचा असतो. ती ज्या ग्राहकांची हिशेबतपासणी करते त्यांची नावे सांगण्याची तिला कधी गरज पडत नाही. ‘जी.एस.टी.ची विवरणपत्रे’, ‘बँकेच्या शाखेची तपासणी’, असे कामाचे प्रकार लिहिले की पुरते. आर्टिकलशिपमध्ये राबवून घेण्याचे प्रकार होत नाहीत असे मी म्हणत नाही, ते सर्वांना माहीत आहेत. पण शिकवण्याची जबाबदारी तिथे एका नावावर टाकलेली आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यातही करार नोंदवण्याची तरतूद आहे. आमच्यासारखे इंटर्न या दोन्ही चौकटींच्या बाहेर असतात, त्यामुळे आमच्या बाबतीत चांगला मॅनेजर लाभणे हा निव्वळ नशिबाचा भाग राहतो. माझे नशीब बरे होते. त्याच मजल्यावर दुसऱ्या चमूतल्या एका मुलाने सारा उन्हाळा सभांच्या वेळा जुळवण्यात आणि पानांचे रंग सारखे करण्यात घालवला, आणि आम्हा दोघांची प्रमाणपत्रे नाव सोडले तर शब्दशः सारखी आहेत.

माझी सूचना अशी की, गोपनीयतेचा करार असलेल्या विद्यार्थ्यांसाठी अहवालाचा वेगळा नमुना करावा. त्यात ग्राहकाचे नाव आणि आकडे नसलेली आठवड्याची कामाची नोंद असावी आणि तिच्यावर कंपनीतल्या मार्गदर्शकाची सही असावी. याशिवाय विद्यार्थ्याने कंपनीत शिकलेली पद्धत सर्वांना उपलब्ध असलेल्या माहितीवर वापरून एक छोटे काम करून दाखवावे. अशी माहिती आपल्याकडे भरपूर आहे. राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या सुमारास प्रसिद्ध होते, २०११ च्या जनगणनेचे गावपातळीवरचे तक्ते आहेत, आणि बाजार समित्यांमधली रोजची आवक आणि भाव ‘ॲगमार्कनेट’ या सरकारी संकेतस्थळावर पाहायला मिळतात. मला लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या कांद्याच्या आवकेची माहिती साफ करून, तिच्यातून एक विधान मांडून, त्याचा पुरावा देणारी दहा पाने करायला सांगितली असती, तर मी दोन महिन्यांत काय शिकले ते परीक्षकांना अर्ध्या तासात कळले असते. आकडे त्यांनाही उघडून पाहता आले असते. ‘हा आकडा कुठून आला?’ हा प्रश्न त्यांनीच विचारला असता.

नोंदवहीसुद्धा खोटी लिहिता येते, असा आक्षेप यावर घेतला जाईल. येते, आणि काही जण लिहितीलही. म्हणूनच गुणांचा मोठा वाटा नोंदवहीला न देता त्या दहा पानांवरच्या तोंडी परीक्षेला द्यावा, आणि परीक्षकांनी निदान काही विद्यार्थ्यांच्या कंपनीतल्या मार्गदर्शकांना एक फोन करावा. याला जादा खर्च नाही. कंपन्यांची अडचण होईल असेही वाटत नाही, कारण ग्राहकाची माहिती वगळलेल्या पानावर सही करायला त्यांची आडकाठी असण्याचे कारण नाही.

अहवालाचा नमुना बदलण्याची शिफारस विद्यापीठाचे अभ्यास मंडळ करू शकते. पुढच्या तुकडीची इंटर्नशिप मे महिन्यात सुरू होते आणि करारावर सही पहिल्याच दिवशी होते, तेव्हा या बदलाचे परिपत्रक मार्चअखेर संस्थांच्या हाती पडेल अशा बेताने मंडळाने हा विषय येत्या बैठकीत घ्यावा, अशी आपल्या दैनिकाच्या माध्यमातून विनंती आहे.

आपली नम्र,
एम.बी.ए. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)