लाल पेनवाल्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण माझ्यासारखी यादी घेऊन फिरणारे आणखीही असणार. निदान त्यांनी तरी आधी पेन शोधावं.

ती यादी आठवते ना? 6 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी माझ्या डोक्यात पक्की झाली होती आणि तिच्यात सोडायच्या माशांची नावं मी पानभर लिहून आणली होती. 23 नावं. निवड सगळी रंगावर. तुम्ही ते पान दोनदा वाचलंत आणि माझ्याकडे लाल पेन मागितलंत. मला वाटलं, आता बरोबरच्या खुणा होणार.

तुम्ही प्रत्येक नावापुढे तीन रकाने आखलेत. पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, खातो काय, आणि रात्री झोपतो कुठे. तिसऱ्यावर मी हसले होते. पण पहिले दोन पुस्तकं चाळून भरता आले आणि अडले मी तिसऱ्यावरच. फायरफिशला शिरायला भोक हवं, गोबीला वाळूत बीळ हवं, रॉयल ग्रामाला कपारीचं छत हवं, आणि डॉटीबॅकला नेमकी तीच कपार हवी. म्हणजे टाकीत पाणी किती मावतं याच्याइतकंच दगडांत जागा किती याला महत्त्व आहे, हे मला त्या रिकाम्या रकान्यानं शिकवलं. डॉटीबॅकवर रेघ आली.

मग रेघाच रेघा. लायनफिश गेला, कारण त्याच्या तोंडात जे मावतं ते त्याचं अन्न, आणि माझ्या यादीतले निम्मे मासे मावणारे. ट्रिगरफिश गेला, कारण मला क्लीनर कोळंबी हवी होती आणि त्यालाही ती हवीच होती, फक्त कारण वेगळं होतं. डॅम्सेल गेले. ‘‘लहान दिसतात, पण अख्खी टाकी आपल्या नावावर करून घेतात,’’ असं तुम्ही म्हणालात. पिवळा टँग आणि जांभळा टँग यांतला एकच ठेवा म्हणालात, कारण एकाच घाटाचे दोन टँग एकमेकांना भाऊ समजत नाहीत, वाटेकरी समजतात, आणि शेपटीच्या बुडाशी त्यांच्याकडे अक्षरशः सुरी असते. निळ्या टँगवर मात्र आपलं चांगलंच वाजलं. तो 30 सेंटीमीटरपर्यंत जातो हे मान्य, पण 6 फुटांत तो राहतो असं म्हणणारेही जाणते लोक आहेत. तुम्ही म्हणालात, ‘‘राहतो गं, पोहत नाही.’’ तुम्ही जरा जास्तच कडक वागलात असं मला अजूनही वाटतं. पण रेघ मी खोडली नाही.

क्लाउनफिश मी 5 लिहिले होते, थवा दिसावा म्हणून. तेव्हा तुम्ही सांगितलंत की हे सगळे नर म्हणूनच जन्मतात, त्यातला जो सगळ्यांत मोठा आणि दांडगा तो मादी होतो, त्याच्या खालचा तिचा जोडीदार, आणि टाकीत उरलेल्यांचे हाल कुत्रा खात नाही. एक मोठा, एक लहान असे दोनच आणायला लावलेत. आज दोघांत कोण कोणाला दटावतं हे बघायला मला वेगळं काही लावावं लागत नाही.

शेवटी नावं उरली 9. त्यांतल्या मँडरिनपुढे तुम्ही रेघ मारली नव्हती, ‘‘वर्षानंतर’’ एवढंच लिहिलं होतं. तो दिवसभर दगडांवरचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोपेपॉड टिपत हिंडतो, नव्या टाकीत ते नसतात, आणि मग इतका देखणा मासा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उपाशी मरतो. 14 महिन्यांनी आणला. गुटगुटीत आहे.

माशांआधीचे ते दिवस मला खरं तर जास्त आठवतात. टाकी आणायच्या आधी तुम्ही वजनाचा हिशोब मांडलात: पाणी 680 लिटरच्या आसपास, म्हणजे तेच जवळजवळ 700 किलो, वर काच, दगड, वाळू, खालचा संप (म्हणजे पाणी गाळून परत वर चढवायची खालची छोटी टाकी), स्टँड. टनाच्या वर गेलं. मी टाकी खोलीच्या मधोमध ठेवायला निघाले होते. तुम्ही इमारतीचं बांधकाम कळणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय हलायला तयार नव्हता, आणि टाकी शेवटी तुळईवरच्या भिंतीशी गेली.

पाणी भरल्यावर पहिली गोष्ट तुम्ही केलीत ती म्हणजे चालू पंपाचा प्लग उपटला. मी ओरडलेच. वरचं पाणी पाइपातून सरसर खाली संपात आलं आणि काठाच्या दोन बोटं खाली थांबलं. पंप परत सुरू करून पाणी स्थिरावलं तेव्हा तुम्ही संपाच्या काचेवर मार्करनं रेघ ओढलीत: चालू टाकीत याच्या वर कधी भरायचं नाही. त्यानंतर वीज किती वेळा गेली, मोजलं नाही. फरशी कोरडी आहे.

दुसरी गोष्ट मिठाची. पाण्याची पातळी उतरली की मी इमानदारीनं खारं पाणी मिसळून ओतत होते. एका आठवड्यात खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर 35 वरून 37 दाखवायला लागला तेव्हा मला मीटरच बिघडला असं वाटलं. तुम्ही एवढंच विचारलंत, ‘‘उडतं ते काय, पाणी का मीठ?’’ शाळेत शिकलेलं मिठागर त्या क्षणी डोळ्यांसमोर आलं. तेव्हापासून घट भरायला फक्त आरओचं गोडं पाणी.

आणि ते 5 आठवडे! दगड, वाळू, पाणी, दिवे, आणि मासा एकही नाही. येणारा-जाणारा विचारायचा, मासे मेले का? अमोनिया चढला, उतरला, मग नायट्राइट चढलं. तिसऱ्या आठवड्यात मी फोन करून ‘‘एकच सोडू का?’’ म्हटलं. तुम्ही म्हणालात, ही विषं पचवून त्यांचं नायट्रेट करणारे दगडावरचे जिवाणू हेच तुझे पहिले मासे, त्यांना आधी रुळू दे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसायला लागलं, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. तीही क्रमानं: भित्रे आधी, दांडगे शेवटी, म्हणजे दांडगा येईपर्यंत भित्र्यांची घरं ठरलेली असतात. टँग सगळ्यांत शेवटी.

आता त्या टँगचंच सांगते, कारण ते कबूल केल्याशिवाय हे पत्र खोटं होईल. नवा मासा आधी निदान 4 आठवडे वेगळ्या टाकीत, हे तुम्ही मला इतक्यांदा सांगितलं होतं की शेवटच्या माशाला मी ते पाळलं नाही. तो टणटणीत दिसत होता. दहाव्या दिवशी त्याच्या अंगावर मिठाचे दाणे शिंपडल्यासारखे ठिपके आले, बाराव्या दिवशी क्लाउनवर. तांब्याचं औषध मुख्य टाकीत घालता येत नाही, त्यानं कोळंबी, गोगलगायी, पोवळी सगळीच जातात. म्हणजे सगळे मासे बाहेर काढायचे आणि टाकी 76 दिवस माशांविना ठेवायची, की ते ठिपके आणणारा परजीवी यजमान न मिळून संपेल. मासे धरायचे तर दगड उपसायचे. तुम्ही सकाळी आलात आणि संध्याकाळपर्यंत खांद्यापर्यंत पाण्यात हात घालून बसलात. ‘‘मी सांगितलं होतं’’ हे वाक्य तुमच्या तोंडून त्या दिवशी आलं नाही, त्यानंतरही नाही. रॉयल ग्रामा वाचला नाही. बाकी सगळे परत गेले.

बांगाई कार्डिनलचा तो रात्रीचा फोन मात्र आठवला की मला अजून लाजायला होतं. नर खात नाही, हनुवटी सुजलीय, पुन्हा कसला तरी रोग, असं मी रडवेल्या आवाजात सांगत होते आणि तुम्ही पलीकडे हसत होता. ‘‘अगं, त्याच्या तोंडात अंडी आहेत.’’ जवळजवळ महिनाभर तो बाप तोंड मिटून उपाशी राहिला. हे मासे इंडोनेशियातल्या बांगाई बेटांच्या परिसरातले, तिथे धरून धरून कमी झालेत, म्हणून टाकीत पैदास झालेलेच घे हा तुमचा हट्ट होता. त्याचं कारण पिल्लं बाहेर आली तेव्हा मला खऱ्या अर्थानं पोचलं. 11 मोजली. 6 जगली.

तो कागद स्टँडच्या दाराला आतून चिकटवलाय. खारट ओलीनं लाल शाई जरा पसरलीय, पण रेघा वाचता येतात. खाली मी पेन्सिलीनं एक नवं नाव लिहिलंय, कॉपरबँड बटरफ्लाय. दगडांवर एप्टेशिया नावाचे तणासारखे पसरणारे, समुद्रफुलाच्या जातीचे जीव उगवायला लागलेत आणि तो ते खातो म्हणतात. पोवळ्यांनाही तोंड लावेल का, नळीकिडे शिल्लक ठेवेल का, हे मला ठरवता येत नाहीये. तिन्ही रकाने भरून ठेवलेत, झोपायच्या जागेसकट.

पेन तुमच्याकडेच राहिलंय. सवडीनं या.

तुमची,
23 नावांची यादीवाली