पळसाचं पान

डहाणू,
२० ऑगस्ट

प्रिय शुभा,

तुझं पत्र मिळालं. ईशानला त्या निसर्गशाळेत घालावं का, असं विचारलंयस. फीचा आकडा वाचून धस्स झालं, पण ते राहू दे. आधी परवाचं सांगते.

चौथीच्या मुलांना घेऊन शाळेमागच्या बांधावर गेले होते. पळसाची फांदी धरून विचारलं, "किती पानं?" सगळे ओरडले, "तीन!" पळसाला पाने तीनच, आपणही तेच म्हणत आलो ना? एक मुलगी मात्र म्हणाली, "बाई, देठ तर एकच आहे." तिची आजी पत्रावळ्या लावते. मग आम्ही डोळा शोधला. नवा कोंब जिथून फुटतो तो डोळा पानाच्या बगलेत असतो. त्या तीन पानांच्या बुडाशी काही नव्हतं; मोठा देठ फांदीला जिथे चिकटतो तिथे तो बारीक डोळा सापडला. म्हणजे पान एकच, पर्णिका तीन! आजीला एका पत्रावळीसाठी किती देठ खुडावे लागतात, यावर तीनाचा पाढा तिथेच झाला. मला इतका आनंद झाला, काय सांगू!

ही वाट माझी नाही गं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली इथे जवळच बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तर त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. परवडणार नाहीत अशा माँटेसरी साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे आले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलं गुरांमागे जात, म्हणून त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ शाळा घेऊन कुरणात गेल्या. कुरणशाळा! मूल जगतं तिथे शाळेने जायचं, हे मला फार मोठं वाटतं. 'परिसर' हा त्या मुलांचा विषय नव्हता, घर होतं.

मागे तपासणीला आलेल्या साहेबांनी बिया मोजणारी मुलं पाहून "अभ्यासक्रम कुठवर आलाय?" एवढंच विचारलं. रात्रभर वाईट वाटत राहिलं.

तू शाळा बघायला जाशील तेव्हा बागेला भुलू नकोस. गांडूळखताचा खड्डा कोण भरतं, ते विचार. माळी भरत असेल तर एवढी फी कशाची? मुलं भरत असतील आणि त्यातला वास, ऊब, किडे यांवर वर्गात बोलत असतील, तर जरूर घाल.

आणि दिवाळीत ईशानला इकडे आण. भाताची कापणी चालू असेल. माझी मुलं त्याला खळ्यावर नेतील.

तुझीच,
माधवी