मॅडम, तो पिनहोल माझ्या खिशात आहे

आदरणीय मॅडम,

पुढच्या महिन्यात तुम्ही निवृत्त होताय. निरोपाच्या दिवशी माझा घसा दाटून येईल आणि सांगायचं ते राहून जाईल, म्हणून हे आधीच, सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

परदेशातल्या त्या नेत्रशिबिराला तुम्ही मला सोबत नेलंत, तेव्हा मला ऑप्टोमेट्रीची पदवी मिळून जेमतेम वर्ष झालं होतं. निघण्याआधी मी मोठ्या उत्साहाने वापरलेले चष्मे गोळा केले होते, खोकंभर. तुम्ही ओरडला नाहीत. लेन्समीटरपुढे बसवून एकेक चष्मा मोजायला लावलात. कुठे दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे, कुठे सिलिंड्रिकल नंबराचा अक्ष भलताच, कुठे काचांवर ओरखडे. शे-सव्वाशे चष्म्यांतून नि:शंकपणे देता येतील असे चार निघाले. "आपल्या दवाखान्यात कुणाला असा चष्मा दिला असतास का?" एवढंच विचारलंत.

दुसऱ्या दिवशीचा तो पन्नाशीचा माणूस तुम्हाला आठवत असेल. तक्त्यावरच्या सगळ्यात वरच्या 'ई'ची दिशा त्याने बोटांनी कशीबशी दाखवली. ६/६०, म्हणजे निकोप डोळ्याला साठ मीटरवरून दिसतं ते त्याला सहा मीटरवरून. रांग लांब होती. मी कार्डावर 'मोतीबिंदू?' लिहून त्याला पुढे पाठवलं. तुम्ही परत बोलावलंत, डोळ्यापुढे पिनहोल, म्हणजे बारीक छिद्राची चकती, धरलात, आणि तो चार ओळी खाली उतरला. बारीक छिद्रातून मोजकेच किरण आत जातात, धूसरपणा कमी होतो. तेवढ्याने नजर इतकी सुधारली, म्हणजे दोष मुख्यतः नंबराचा. हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. माणूस समोर असताना सुचलं नाही.

मग तुम्ही रेटिनोस्कोप घेतलात, डोळ्यात प्रकाशाची पट्टी टाकून नंबर काढायचं उपकरण. आपल्याला त्याची भाषा येत नव्हती, दुभाषा दुसऱ्या टेबलावर होता. पण बाहुलीतली लाल झळाळी प्रकाशाच्या पट्टीसोबत सरकते की उलट, हे बघायला शब्द लागत नाहीत. मायनस साडेतीन. नेत्रपटलही पाहिलंत, मगच नंबराच्या काचा घालून बघायची ट्रायल फ्रेम चढवलीत. तो उठून दारापाशी गेला आणि मोठमोठ्याने काहीतरी म्हणू लागला. दुभाषा धावत आला, म्हणाला, रांगेतली माणसं मोजतोय. तुम्ही त्याला शेवटच्या माणसापर्यंत मोजू दिलंत.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९चा दृष्टी अहवाल वाचला. जगात किमान २२० कोटी लोकांना जवळचं किंवा दूरचं नीट दिसत नाही. त्यांतल्या किमान १०० कोटींचा त्रास टाळता आला असता किंवा त्यावर अजून इलाज झालेला नाही. यात ८० कोटींहून अधिक जणांना नुसती चाळिशी लागलीय, साधा जवळचा चष्मा हवाय. वाचताना तो मोजणारा माणूसच डोळ्यांपुढे होता.

अजून एक कबुली. तिथल्या परिचारिकेला शिकवण्यात तुम्ही दोन दुपारी घालवल्यात, तेव्हा मी मनात चरफडले होते. तेवढ्यात साठ माणसं तपासून झाली असती! तुम्ही मात्र तिला चाळिशीचा नंबर काढायला शिकवलंत: वय विचार, हातातलं काम किती अंतरावर धरतात ते बघ. त्याहून जास्त वेळ चष्मा कुणाला द्यायचा नाही यावर दिलात. लाल होऊन दुखणारा डोळा, तिरळं बघणारं मूल, एकाएकी गेलेली नजर, यांना थेट डॉक्टरांकडे. आपण परतलो तरी तिची तपासणी चालू राहिली. तिचे निरोप अजून येतात, शंका विचारणारे. मी चुकले होते, मॅडम. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं.

या वेळी पथक घेऊन मी जातेय, तुमच्याशिवाय पहिल्यांदाच. मागच्या वर्षी तुम्ही दिलेला रेटिनोस्कोप सामानात आहे, जादा बल्बही घेतलेत. पिनहोल सामानात टाकलेला नाही. तो खिशात आहे.

मनापासून आभार.

तुमची विद्यार्थिनी